पार्टिशन मोडायचं आहे

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अंबडला कोर्टाच्या रस्त्यावर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टायपिंग आणि छपाईचं छोटं दुकान आहे. छापताना बिघडलेली, उरलेली, तारीख चुकलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि त्यांचीच माझ्या पुस्तकांना कव्हरं लागायची. गणितावर ‘चलो तहसील’, मराठीवर ‘जाहीर निषेध’ आणि भूगोलावर मूळव्याधीचा खात्रीशीर इलाज. तिसरीत ताप आला म्हणून मी रजेचा अर्ज लिहिला, त्याच्या शेवटी ‘मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असं होतं. बाईंनी रजा दिली. लेखी मजकुरावरचा माझा विश्वास तेव्हापासूनचा.

पुढे मी स्वतः लिहायला लागले आणि पहिलं तत्त्व ठरवलं, ते असं की खाली नाव पाहिजे. ‘ज्याला आपल्या वाक्याखाली आपलं नाव टाकता येत नाही त्यानं ते वाक्य लिहू नये’ असं मी एका लेखात ठणकावून सांगितलं होतं. तो लेख अण्णांनीच टाइप केला. दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि काही बोलले नाहीत.

न बोलणं हाच अण्णांचा धंदा आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ते दोन्ही पॅनलची पत्रकं करतात, आणि एकाचा मजकूर दुसऱ्याला कधीही कळत नाही. कॉलेजात असताना मी त्यांना यावरून भूमिका नसलेला माणूस म्हटलं होतं. ते म्हणाले, “अगं, दोन्हीकडच्यांना शुद्धलेखन लागतंच की.”

त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरची रचनाही याच हिशोबाची होती. एकाच हार्ड डिस्कचे त्यांनी भाग पाडून घेतले होते, म्हणजे पार्टिशनं. पहिल्यात कॉम्प्युटरची स्वतःची यंत्रणा, दुसऱ्याचं नाव ‘लग्न’, तिसऱ्याचं ‘कपबशी’, चौथ्याचं ‘छत्री’. शेवटची दोन निवडणुकीतल्या चिन्हांवरून. एका डिस्कवर असले तरी दोन्ही पॅनल एका खोलीत बसवायचे नाहीत, हे त्यांचं तत्त्व. मी हसायचे. विरोधकांची अक्षरं रात्री उठून एकमेकांच्या उरावर बसणार होती की काय?

गेल्या वर्षी अण्णांनी नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुना एका शाळेला द्यायचं कबूल केलं. अंबडजवळच्या गावातली शाळा, नाव सांगत नाही. मुख्याध्यापक स्वतः दुकानात येऊन, चहा घेऊन, आभार मानून गेले. गुरुवारी चार वाजता न्यायला येणार होते. गुरुवारी सकाळी मी दुकानात बसून जुन्या डिस्कवरच्या फाइली पुसत होते. ‘लग्न’ गेलं, ‘कपबशी’ गेली, ‘छत्री’ मिटली. तिन्ही पार्टिशनंही काढून टाकली. मी हात झटकले, तेवढ्यात अण्णा बशीतला चहा फुंकत म्हणाले, “आन् ते न दिसणारं?”

“न दिसणारं काय?”

“त्यात सगळे बिननावाचे हायेत.”

मंग, म्हणजे मग, हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉम्प्युटर घेतला तेव्हाच त्यात कंपनीनं केलेलं एक छोटं पार्टिशन होतं. त्यावर इंग्रजीत ‘रिकव्हरी’ लिहिलेलं. यंत्रणा बिघडली तर ती परत उभी करायचं सामान त्यात असतं. अण्णांनी त्याचा सरळ अर्थ लावला की इथे ठेवलेलं कधी हरवत नाही, परत मिळतं. म्हणून त्यांनी जोखमीचं सगळं तिथे ठेवलं. निनावी तक्रारी, निनावी पत्रकं, आणि प्रत्येकाच्या खाली, विसरू नये म्हणून, ज्यानं टाइप करून घेतलं त्याचं नाव.

“नाव?” मी ओरडले. “निनावी पत्रकाखाली नाव?”

“फक्त माझ्यासाठी. छापताना काढून टाकायचो.” मग बशी खाली ठेवून, “खाली नाव पाहिजे, असं तूच लिहिल्तं.”

आता खरी गोष्ट. ज्या शाळेत हा कॉम्प्युटर जाणार होता, त्याच शाळेबद्दलचं एक पत्रक त्यात होतं. ‘शाळेच्या बोअरचं पाणी कुणाच्या मोसंबीला?’ खाली सही ‘एक तहानलेला पालक’. शाळा समितीच्या अध्यक्षांची मोसंबीची बाग शाळेला लागून आहे आणि शाळेच्या बोअरवरून एक पाइप कुंपणाखालून पलीकडे जातो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. छापलं होतं ते फक्त या पत्रकानं. अध्यक्षांनी तो तहानलेला पालक महिनाभर शोधला. मास्तरांची अक्षरं तपासली, पत्रक छापील असूनही. पालक सापडला नाही, कारण तो पालक नव्हताच. ती होती शाळेत खिचडी शिजवणारी मावशी. तिला दरवर्षी कामावर ठेवायचं की नाही, हे समितीच ठरवते.

“तेव्हा मी घाबरलो,” अण्णा म्हणाले. “एका दुरुस्तीवाल्याकडून ते पार्टिशन दिसेनासं करून घेतलं. दिसत न्हाई म्हणजे संपलं, असं वाटलं.”

आणि अध्यक्षांचा पुतण्या मोबाइलच्या दुकानात बसतो. दुकानावर बोर्ड आहे, ‘डिलीट झालेले फोटो परत काढून मिळतील’. शाळेत कॉम्प्युटर लावून द्यायला तोच येणार होता. आपण जे पुसतो ते खरं तर पुसलं जात नाही, फक्त त्याची नोंद जाते आणि मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो. हे त्या पुतण्याला चांगलं ठाऊक होतं.

मी ते पार्टिशन काढून पाहिलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही. मी हातोडी शोधायला उठले. अण्णा म्हणाले, “शाळेला शब्द दिलाय, चालू कॉम्प्युटर देतो म्हणून. पोरांना काय मुंडकं नसलेला देऊ?”

जालन्याला माझी एक मैत्रीण कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. तिला फोन लावला. दुकानात आवाज पोचत नाही म्हणून मी दारात, कोर्टाकडे तोंड करून उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले. काय बोलले ते पुढे महत्त्वाचं ठरलं म्हणून आठवेल तसं देते.

“हॅलो! पार्टिशन मोडायचंय... हो, आजच. बाकीचे सरळ निघाले गं, शेवटचाच लई हट्टी आहे. हलत नाही. मालक मी, आणि मलाच म्हणतो परवानगी नाही!... अण्णांना काय विचारायचं, त्यांनीच लपवून ठेवलं होतं... म्हणजे जबरदस्तीनंच काढावं लागेल ना?... चालेल. एकदाचं पुसून टाकते, मागे नावनिशाणी राहायला नको.”

मैत्रिणीनं सांगितलं की चालू यंत्रणा स्वतःचीच डिस्क पुसू देत नाही. ती डिस्क बाहेर काढ, केबलनं नव्या कॉम्प्युटरला लाव आणि तिथून आज्ञा दे. मी स्क्रू काढायला बसले. डिस्क निघाली, केबल मात्र शोधावी लागली. ती बाजारातल्या तिसऱ्या दुकानात मिळाली. लावली. नव्या कॉम्प्युटरवर सगळे भाग ओळीनं दिसले. त्या छोट्या भागावर उजवं बटण दाबलं तर बाकीच्यांसारखा ‘काढून टाका’ हा पर्यायच नाही. फक्त ‘मदत’. मदत दाबली तर मदतही नाही.

एवढ्यात दारात मोठे बाबा उभे राहिले.

मोठे बाबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, तीर्थपुरीला राहतात, तिथे आमची शेती आहे. अंगात इस्त्रीचा सदरा आणि हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबाऱ्याचे उतारे. घाम पुसत ते माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाले, “काय कमी केल्तं मी तुला?”

अण्णा उठून उभे राहिले. “दादा, काय झालं?”

“मलाच इचारतो? पोरगी कोर्टापुढं उभी राहून वरडून राह्यली, पार्टिशन मोडायचं, शेवटचाच लई हट्टी हाये, जबरदस्तीनं काढते. आपल्या गावचा माणूस तारखेला आल्ता, त्यानं सोताच्या कानानं ऐकलं. फोन केला मला. मी जेवणावरून उठून यष्टीत बसलो.” मग माझ्याकडे वळून, “हट्टी मी का गं? तुझ्या आज्यानं वाटणी केल्ती तव्हा नदीकाठचा तुकडा कुणी सोडला? म्या! आन् नावनिशाणी पुसते माझी?”

अंबड हे कोर्टाचं गाव आहे. इथे ‘पार्टिशन’ शब्दाचा एकच अर्थ आहे, आणि तो ऐकून माणसं जेवणावरून उठतात. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मी हसू दाबत म्हटलं, “मोठे बाबा, कॉम्प्युटरचं. कॉम्प्युटरची वाटणी मोडतेय.”

त्यांचा विश्वास बसेना. “कॉम्प्युटरला कुठली आली वाटणी?”

मी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि भाग दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला आणि त्याजागी कुतूहल आलं. शेतकऱ्याला चौकोनी पट्टे दाखवले की तो आधी बांध शोधतो.

“हे तीन गेले. आन् हा?”

“हा निघत नाही.”

“अतिक्रमण हाये का?”

“अण्णांनी केलंय.”

“बराबर,” मोठे बाबा म्हणाले. “पहिल्यापासून तसाच हाये तो.” अण्णांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, आणि काय अडलंय ते, नाव न घेता, दोन वाक्यांत सांगितलं. एक गरीब बाई आहे, तिचं नाव यात आहे, हे चारच्या आत गेलं नाही तर तिचं काम जाईल. मोठ्या बाबांनी उताऱ्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि बाह्या वर केल्या. करायचं काहीच नव्हतं त्यांना. तरी.

मैत्रीण पुन्हा फोनवर आली. तिनं एक काळी चौकट उघडायला लावली, जिथे माउस चालत नाही, सगळ्या आज्ञा टाइप करायच्या. आधी कुठली डिस्क ते सांगायचं, मग कुठलं पार्टिशन, मग काढून टाक, आणि शेवटी एक शब्द, ‘ओव्हरराइड’. म्हणजे तुझं काही ऐकून घेणार नाही, काढ म्हणजे काढ. हा शब्द मला फार आवडला. आयुष्यात असा शब्द पत्रकांखाली वापरायला मिळाला असता तर किती वेळ वाचला असता.

मी धडाधड टाइप करायला घेतलं. डिस्क निवडली. ओठांवर ‘ओव्हरराइड’ तयारच होता. मोठ्या बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“गट नंबर वाच.”

“काय?”

“सही करायच्या आधी गट नंबर वाचायचा, क्षेत्र वाचायचं, मोठ्यानं. एका आकड्यापायी सात वर्षं ह्या कोर्टात चकरा मारल्यात म्या. वाच.”

माझ्यात घाईचा जो एक स्वभाव आहे, ज्याला मी क्रांतिकारी म्हणते आणि आई चिडखोरपणा म्हणते, तो उसळला. पण मनगट सुटेना. मी डिस्कांची यादी पडद्यावर काढली.

“डिस्क शून्य. चारशे पासष्ट. डिस्क एक. दोनशे अठ्ठ्याण्णव.”

“अन् ती चांदणी कुणाच्या नावापुढं हाये?”

निवडलेल्या डिस्कपुढे तिथे एक छोटी चांदणी येते. मी बघितलं. चांदणी शून्यापुढे होती.

“जुना कॉम्प्युटर कितीचा होता रे?” मोठ्या बाबांनी अण्णांना विचारलं.

“तीनशे वीस.”

“मंग ही बया दुसऱ्याच्या वावरात नांगर घालून राह्यली.”

जुना तो पहिला, म्हणून मी शून्य टाइप केलं होतं. शून्य म्हणजे अण्णांचा नवा कॉम्प्युटर होता. त्यावर एक ओव्हरराइड मारला असता तर यंत्रणा वाचली असती, पण अण्णांच्या नव्या कामांचं पार्टिशन उडालं असतं, आणि मावशीचं नाव जुन्या डिस्कवर सुखरूप बसून राहिलं असतं. मी काही बोलले नाही. आमच्या घरात त्या दिवशी न बोलणारी माणसं दोन झाली.

“पर तीनशे वीसचे दोनशे अठ्ठ्याण्णव कसे?” मोठे बाबा अजून क्षेत्रावरच होते. “बावीस कुठं गेले?”

फोनवर मैत्रीण समजावून सांगायला लागली की कंपनी वेगळ्या रीतीनं मोजते आणि कॉम्प्युटर वेगळ्या. मोठ्या बाबांनी हात हलवला. “पोटखराबा असंल.” सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीची नोंद असते, ती पोटखराबा. आजवर या विषयावर मला याहून चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

या वेळी डिस्क एक निवडली. चांदणी खाली आली. मोठ्यानं वाचलं. पार्टिशनची यादी वाचली, छोट्या भागाचं क्षेत्र वाचलं. मोठे बाबा तलाठ्यासमोर बसल्यासारखे मान हलवत होते. मग टाइप केलं, ओव्हरराइडसकट. एक क्षण काही नाही. मग ओळ आली, काढून टाकण्यात आलं.

“निघालं!” मोठे बाबा टाळी वाजवून म्हणाले. हट्टी निघाल्याचा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला.

“थांबा,” फोनवरून मैत्रीण म्हणाली. “भिंत पाडली फक्त. सामान तिथंच आहे. आता अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहायची. यंत्रणाही जाईल, पण ती शाळेत नव्यानं टाकता येते. ‘क्लीन ऑल’ टाक.” मग तिला जरा लाज वाटली असावी. “तसं पाहिलं तर एवढ्यानंच ते पार्टिशन पण गेलं असतं.”

“मग दीड तास आम्ही काय केलं?”

“सराव,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घड्याळात पाऊण वाजला होता. आज्ञा दिली. काळ्या चौकटीत एक पांढरी रेघ लुकलुकत बसली. पुढे काहीच होईना. किती झालं, किती राहिलं, काही सांगत नाही ते. फक्त केबलजवळचा एक निळा दिवा थरथरत होता.

“झोपलं का?” एक वाजता मोठ्या बाबांनी विचारलं.

“चालू आहे.”

“काय करून राह्यलं?”

“सगळीकडे शून्य लिहितंय.”

“किती शून्यं?”

“जितकी जागा आहे तितकी.”

“म्हणजे सारवल्यासारखं,” ते म्हणाले. “खालचे पाय उमटलेले दिसायला नको.”

दोन वाजता त्यांना डबा दिला. अडीच वाजता ते दिव्याकडे तोंड करून, हात बांधून, खुर्चीतच डुलक्या घ्यायला लागले. सव्वातीनला अण्णा तिसऱ्यांदा बाहेर जाऊन रस्ता बघून आले. मला त्यांचा रागही येत होता आणि नव्हताही. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांची भीती आपल्या डिस्कवर सांभाळत बसला होता आणि मी त्याला भूमिका विचारत होते. मला माझा तो लेखही आठवला. ज्याला वाक्याखाली नाव टाकता येत नाही, वगैरे. मी तो लिहिला तेव्हा माझं पोट माझ्या नावावर अवलंबून नव्हतं. खिचडीच्या पातेल्याशी उभं राहून लिहिला असता तर पहिल्याच ओळीला अडले असते.

तीन चाळीसला रेघेखाली ओळ आली. झालं. मी डिस्क परत जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. शेवटचा स्क्रू आवळत होते तेव्हा बाहेर रिक्षा थांबली.

मुख्याध्यापक आले, आणि त्यांच्यामागे, शाळेसाठी मसाला-मीठ घ्यायला म्हणून बरोबर आलेली, मावशी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. बुटकी, तिखट डोळ्यांची, हातात कापडी पिशवी. ती अण्णांकडे बघत नव्हती. इतकी ठरवून बघत नव्हती की कुणाच्याही लक्षात यावं.

मुख्याध्यापक आधी माठातलं दोन पेले पाणी प्यायले. “अध्यक्षांच्या पुतण्याचा निरोप होता,” ते म्हणाले. “आतलं काही काढू नका, डिस्क जशी आहे तशी द्या, बाकी मी बघतो म्हणाला.”

“उशीर झाला सर,” अण्णा म्हणाले. “आत आता फक्त शून्य हाये.”

मुख्याध्यापकांनी अण्णांकडे पाहिलं. मग रिकाम्या पेल्याकडे. “उत्तम,” ते म्हणाले, जरा जास्तच जोरात, आणि मॉनिटर उचलून रिक्षाकडे गेले.

मावशी मागे राहिली. “भाऊ,” तिनं हळूच विचारलं, “नीट सारवलं ना?”

“अंगणासकट,” उत्तर मोठ्या बाबांनी दिलं. ती बाई हीच, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं बाहेर एकदा बघून घेतलं, पिशवीत हात घातला आणि घडी घातलेला एक कागद अण्णांपुढे सरकवला. “मंग हे बी करून ठेवा. बाजार करून येते.” आणि गेली.

खिचडीच्या सामानाच्या यादीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ‘अध्यक्षांच्या मोसंबीला पाणी मिळालं. आता पोरांना निदान मोसंबी तरी मिळंल का?’ खाली सहीची जागा कोरी.

अण्णांनी कागद माझ्यापुढे केला. मी नव्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. सहीपाशी थांबले. नाव पाहिजे म्हणणारी मी, पाच मिनिटं खोटं नाव शोधत बसले, आणि शेवटी लिहिलं, ‘शाळेतला रिकामा माठ’. अण्णांनी मान डोलावली. शंभर प्रती काढल्या. मोठ्या बाबांनी पेन्सिलीचा मूळ कागद आपणहून उचलला, समोरच्या टपरीवर गेले आणि चहाच्या शेगडीत घालून आले. “मूळ दस्त,” हात झटकत म्हणाले.

मी फाइल बंद करायला गेले तेव्हा नव्या कॉम्प्युटरनं विचारलं, जतन करायचं का?

“हो म्हण,” मोठे बाबा मागून म्हणाले. “कागद जपून ठेवावा माणसानं.”

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा काही बोलले नाहीत.

मी ‘नाही’ दाबलं. मोठ्या बाबांनी डोळे मिटून घेतले.